शाळेची पाटी आणि म्हातारपणची परीक्षा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे एका सहशिक्षकाने केलेले भाषण)





दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षणाच्या महत्त्वाविषयी ऐकत आला आहात. आज मीही शिक्षणाविषयीच बोलणार आहे, परंतु थोड्या निराळ्या बाजूने. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही अशी माणसे म्हातारी झाली, आणि त्यांची परीक्षा शाळा शिकलेल्यांच्या मापाने घेतली, तर काय होते? आणि त्यावरून आपण, म्हणजे पालकांनी, शिक्षकांनी आणि मुलांनी, काय धडा घ्यावा? हा माझा आजचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. परीक्षा घेणे आणि गुण देणे हा माझा रोजचा व्यवसाय. हा विषय माझ्या घरात शिरला म्हणून मी त्याचे वाचन केले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम घरचीच हकीकत सांगतो. माझी नानी आलापल्लीकडची. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. शाळेत एक दिवसही गेली नाही. नाना वारल्यावर तिने बांगड्यांचे आणि किराण्याचे लहानसे दुकान चालवले आणि माझ्या आईसह चार मुलांना वाढवले. घरात ती दखनी बोलते, गिऱ्हाइकाशी मराठी आणि तेलुगू बोलते, आणि बाजाराच्या दिवशी डोंगराकडून येणाऱ्या बायकांशी माडिया बोलते. चाळीस घरांची उधारी तिला तोंडपाठ. वहीत एक अक्षर नाही.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत जवळच्या गावी वृद्धांसाठी एक तपासणी शिबीर झाले. तेथे नानीला तीस गुणांचा एक प्रश्नसंच विचारला गेला. तिला अठरा गुण मिळाले. चोवीसपेक्षा कमी गुण म्हणजे शंका, असा तेथील हिशेब होता. चिठ्ठीवर लिहून आले की स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार, असण्याचा संभव. घरातल्यांनी 'संभव' हा शब्द गाळून बाकीचे वाचले. माझ्या मामूंनी प्रेमापोटीच दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. नानीला एकटीने बाजारात जायची मनाई झाली. जी बाई चार भाषांत बोलत होती ती आठवडाभर एका भाषेतही बोलेना. मला म्हणाली, "आता मी वेडी झाले म्हणतात. माझ्या हिशेबात कधी चूक निघाली का, ते तर कोणी विचारले नाही."

मी ती चिठ्ठी आणि प्रश्नांचा कागद मागून घेतला. शिक्षकाची सवय, पेपर कोठे गेला ते पाहावे म्हटले. गेलेले गुण होते बारा. त्यांचा हिशेब ऐका.

तारीख, महिना आणि वर्ष यांचे तीन गुण गेले. तारीख विचारल्यावर नानीने सांगितले, "रजबचा चांद होऊन बारा दिवस झाले." मी नंतर पंचांग पाहिले, तिचे उत्तर अगदी बरोबर होते. पण कागदावर इंग्रजी तारीख हवी होती. वार तिने बरोबर सांगितला, कारण आदल्या दिवशी बाजार होता. एक गुण 'आपण कितव्या मजल्यावर आहोत' या प्रश्नाला गेला. शिबीर कौलारू शाळेत होते. नानी म्हणाली, "वर कौले आहेत, मजला कुठला?" शंभरातून सात वजा करीत खाली जायचे होते, त्यात पाचांपैकी चार गुण गेले. पहिले त्र्याण्णव तिने चटकन सांगितले, आणि मग विचारले, "त्यातून पुन्हा सात कशासाठी? घ्यायचे काय आहे?" वाचनाचा एक, एक वाक्य लिहिण्याचा एक, आणि एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती काढण्याचा एक, असे तीन गुण गेले. तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नव्हती. शेवटी, थोड्या वेळापूर्वी सांगितलेले तीन शब्द आठवायचे होते, त्यातला एक विसरला. तो एक गुण.

बारा गुणांपैकी स्मरणशक्तीचा म्हणावा असा गुण एकच. बाकीचे अकरा पाटी, पेन्सिल, भिंतीवरचे कॅलेंडर आणि दुमजली इमारत यांचे होते. नानीची परीक्षा झाली खरी, पण ती मेंदूची कमी आणि तिला न मिळालेल्या शाळेची अधिक झाली.

मित्रहो, त्या प्रश्नसंचाला मी दोष देत नाही. त्याची माहितीही आपण करून घेतली पाहिजे. तो 1975 मध्ये अमेरिकेतील मार्शल फोलस्टीन, सुसान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी तयार केला. पाच-दहा मिनिटांत, कोणत्याही यंत्राशिवाय, रुग्णाच्या मनाची अवस्था अंदाजाने कळावी असा त्यांचा हेतू होता. तो इतका सोयीचा ठरला की जगभर गेला. परंतु सोयीच्या वस्तूचे एक असते: ती जेथे तयार झाली तेथली माणसे गृहीत धरून तयार झालेली असते.

ही गोष्ट खुद्द अमेरिकेतच उघड झाली. तेथील पाच ठिकाणच्या 18,056 प्रौढ माणसांच्या गुणांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत नऊ किंवा अधिक वर्षे गेलेल्यांचा मधला गुणांक 29 निघाला. पाच ते आठ वर्षे गेलेल्यांचा 26. आणि चार वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा 22. म्हणजे चोवीसची रेघ ओढली तर कमी शिकलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक माणसे आजाराच्या संशयात सापडतात. शाळेची पहिली काही वर्षे सर्वांत मोठा फरक करतात, हेही या आकड्यांवरून दिसते.

आता आपल्या देशाकडे वळू. 1951 च्या जनगणनेत भारतातील शंभर स्त्रियांपैकी नऊ जणींनाही अक्षरओळख नव्हती. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्या नान्या, दाद्या, आज्या त्याच काळात जन्मल्या. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 80 टक्के आणि गडचिरोलीची सुमारे 74 टक्के होती, पण हा आकडा तरुण पिढीने वर ओढलेला आहे. जंगलातल्या गावी सत्तरीच्या पुढच्या बायका बसलेल्या असतील तर त्यांत सही करणारी किती निघेल, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आणि शिकलेल्यांचीही एक अडचण आहे. राजुऱ्याचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या काळी शिकलेल्या एखाद्या आजोबांसमोर मराठीत छापलेली चिठ्ठी धरून 'वाचा आणि तसे करा' म्हटले, आणि त्यांना वाचता आले नाही, तर शून्य कोणाला द्यायचा? आजोबांना की चिठ्ठीला?

ही अडचण ओळखून आपल्या देशात काम झाले आहे. हरियाणातील बल्लभगड या ग्रामीण भागात 1990 च्या दशकात मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. पंचावन्न वर्षांवरील 5,126 माणसे त्यांनी पाहिली. त्यांतली 73 टक्के निरक्षर होती. विदेशी प्रश्नसंच जसाच्या तसा चालणार नाही हे त्यांनी आधीच जाणले आणि हिंदीत नवा संच बसवला, तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. 'वाचा आणि डोळे मिटा' याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे म्हणून परीक्षकाने डोळे मिटायचे. 'एक वाक्य लिहा' याऐवजी 'तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा'. किती साधा बदल! पण त्यामागे माणसाचा विचार आहे. शिवाय केवळ गुणांवर न थांबता, ही व्यक्ती घरातली रोजची कामे पूर्वीसारखी करते का, हेही त्यांनी घरच्यांना विचारले. मग 1998 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा पासष्ट वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी निघाले. बहुसंख्य लोक निरक्षर असलेल्या त्या गावांत आजार थोडा होता. अक्षरे न येणे म्हणजे बुद्धी गेलेली असणे नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पुढे 2003 मध्ये अनेक देशांतील संशोधकांच्या एका गटाने, ज्यात भारतातील केंद्रेही होती, अशी पद्धत मांडली की तीत वृद्धाची चाचणी, घरच्या माणसाची मुलाखत आणि डॉक्टरी तपासणी या तिन्हींचा मेळ घालून निर्णय करायचा. कमी शिकलेल्यांवर अन्याय होऊ नये हाच तिचा हेतू होता. त्या गटाचे नावच 'दहा-सहासष्ट' असे आहे. स्मृतिभ्रंशाचे 66 टक्के रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरचे संशोधन 10 टक्क्यांहूनही कमी, हे ते नाव सांगते.

आता विद्यार्थी मित्रांनी थोडे लक्ष द्यावे, कारण येथे एक मजेदार प्रश्न आहे. शाळा माणसाला असे काय देते की चाचणीत त्याचे गुण वाढतात?

सोव्हिएट रशियातील अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञाने 1931 आणि 1932 मध्ये उझबेकिस्तानातील खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना प्रश्न विचारले. एक प्रश्न असा होता: दूर उत्तरेकडे, जेथे बर्फ असते, तेथे सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक एक बेट दूर उत्तरेला आहे. तर तेथली अस्वले कोणत्या रंगाची? तुम्ही म्हणाल, पांढरी, त्यात काय? पण न शिकलेले शेतकरी म्हणत, मी ते बेट पाहिले नाही, मी काळे अस्वल पाहिले आहे. जो तेथे जाऊन आला असेल त्याला विचारा. थोडीशी शाळा शिकलेले मात्र पटकन 'पांढरी' म्हणत.

मी हाच प्रश्न घरी नानीला विचारला. आपल्या ताडोबाचे अस्वल काळे, आलापल्लीचेही काळे. नानी म्हणाली, "मैं कभी गई नहीं उधर. तू गया क्या?" मी म्हटले नाही. म्हणाली, "मग आपण दोघेही न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष का द्यायची?"

बंधूंनो, या उत्तरात अडाणीपणा आहे की इमानदारी? न पाहिलेल्याची ग्वाही देऊ नये, हा तिच्या जगाचा नियम आहे. शाळेचा नियम वेगळा. शाळा शिकवते की प्रश्नात दिले आहे तेवढे खरे धरा आणि पुढे चला. तो एक खेळ आहे, फार उपयोगी खेळ. गणित, विज्ञान, कायदा सगळे त्यावर उभे आहे. पण तो खेळ आहे हे शाळेत गेल्यावरच कळते. अनोळखी माणसाने, ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, असा निरर्थक वाटणारा प्रश्न विचारावा आणि आपण मुकाट्याने उत्तर द्यावे, हीसुद्धा शाळेचीच सवय आहे. बाजारात कोणी असे विचारील तर आपण त्याला वेड्यात काढू.

येथे मी माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या पाचवीच्या वर्गात भामरागडकडचा एक मुलगा आला. घरची भाषा माडिया. शाब्दिक उदाहरणे त्याला मुळीच येत नसत. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'आकलन मंद' असे लिहिले. दोन ओळींचे उदाहरण होते, आगगाडी अमुक वेगाने अमुक तासांत किती अंतर जाईल. त्या मुलाने तोपर्यंत आगगाडी पाहिलेली नव्हती. एके दिवशी मी सहज तेंदूपत्त्याचा हिशेब विचारला: सत्तर पानांचा एक पुडा, तर पंचवीस पुड्यांची पाने किती? त्याने पाटीला हात न लावता सतराशे पन्नास सांगितले. मी प्रगतिपुस्तकावरचा शेरा खोडला. पण एक वर्ष तो मुलगा मंद म्हणून माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला होता, ते वर्ष मला खोडता आले नाही.

बुद्धिमापनाची आधुनिक चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी 1905 मध्ये केली, तीही मुलांना हिणवण्यासाठी नव्हे. कोणत्या मुलाला जास्त मदत हवी ते कळावे म्हणून. तिचे भाषांतर करून भागणार नाही, आपल्या मुलांवर ती नव्याने बसवावी लागेल, हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती तयार केली. म्हणजे माप माणसाप्रमाणे बदलावे लागते हे मराठी मुलुखाला नव्वद वर्षांपासून माहीत आहे. आपण ते फक्त विसरत असतो.

येथपर्यंत ऐकून एखादा पालक म्हणेल, मास्तर, मग शाळेची गरजच काय? नानी शाळेत न जाताच हुशार आहे! थांबा. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर ती अर्धी गोष्ट होईल, आणि अर्धी गोष्ट पूर्ण खोट्याहून वाईट.

शिक्षणाने चाचणीचे गुण वाढतात, यात दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत. एक, माप वाकडे आहे. तेवढे मी सांगितले. दुसरी गोष्ट अशी की शिक्षणाने मेंदूला खरोखरच बळ मिळते. लहानपणी वाचणे, लिहिणे, पाठ करणे, तर्क करणे यांनी मेंदूत एक प्रकारची शिल्लक जमा होते असे शास्त्रज्ञ मानतात. चांगल्या वर्षी कोठीत धान साठवले तर दुष्काळात घर तरते, तसे. म्हातारपणी आजाराने मेंदूची झीज सुरू झाली तरी शिल्लक असलेला माणूस अधिक काळ तग धरतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली. त्यांत लहानपणचे अपुरे शिक्षण हे एक आहे. ही सगळी कारणे दूर करता आली तर सुमारे 45 टक्के आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल असे आयोग म्हणतो. भारतात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या वरच्या सुमारे 88 लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला, आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ज्यांना शाळा कमी मिळाली, तेच हे लोक.

म्हणून जो पालक आज सातवी-आठवीनंतर मुलीला घरी बसवतो, तो तिची नोकरी किंवा पदवीच हिरावतो असे नाही, तिच्या म्हातारपणाची शिदोरीही हिरावतो. कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण 2010 पासून मोफत आणि सक्तीचे आहे. चौदानंतरचे आपल्या हाती आहे. आपल्या संस्थेचे दार त्यासाठीच उघडे आहे.

शिल्लक केवळ शाळेतूनच होते असेही नाही. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला, आणि ही गोष्ट निरक्षरांतही आढळली. आपण या सीमेवरची माणसे. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू, जंगलात गोंडी नाहीतर माडिया. कित्येक पालक मला विचारतात की इतक्या भाषांनी मुलाचा गोंधळ होणार नाही ना? मी सांगतो, होऊ द्या थोडा गोंधळ. ही आपली गरिबी नाही, ही आपली पुंजी आहे.

आता उलट बाजूची एक हकीकत. माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू पदवीधर, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. पेन्शनचे कागद ते दोनदा हरवून बसले. भरल्या बाजारातून घरी येताना वाट चुकले. तोच प्रश्नसंच त्यांनाही दिला गेला, आणि त्यांना अठ्ठावीस गुण मिळाले. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण अठ्ठावीस म्हणजे पहिला वर्ग! चाळीस वर्षे मुलांची परीक्षा घेतलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करणे काय अवघड? दोन वर्षांनी सविस्तर तपासणी झाली तेव्हा आजार बराच पुढे गेलेला होता. शिक्षणाने त्यांना तग धरायला शिकवले होते, त्याच शिक्षणाने आजार झाकून ठेवला. माझ्या नानीला कमी गुणांनी आजारी ठरवले आणि त्यांना जास्त गुणांनी निरोगी ठरवले. एकच फूटपट्टी, आणि दोन्ही घरांचे नुकसान.

नानीचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. आम्ही तिला नागपूरला एका जाणत्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला अर्धा तास तिला काहीच विचारले नाही, आम्हाला विचारले. दुकानाचा हिशेब चुकतो का? स्वयंपाकात मीठ दोनदा पडते का? ओळखीची वाट चुकते का? एक वर्षापूर्वी जे करत होती त्यातले आज काय करत नाही? मग तिचे कान तपासले. डावा कान जवळजवळ बंद होता, रक्तदाबही वाढलेला होता. शिबिराच्या गोंगाटात तिसरा शब्द तिने ऐकलाच नसावा, असे त्यांचे मत पडले. स्मृतिभ्रंश नाही, असे त्यांनी सांगितले. कानाला यंत्र आणि रक्तदाबाला गोळी मिळाली. मामूंनी किल्ल्या परत दिल्या. नानीने त्या घेतल्या आणि पहिले काय केले असेल? मधल्या काळात मामूंनी दिलेल्या उधारीचा हिशेब मागितला. त्यात साठ रुपयांची चूक निघाली.

पालकहो, यातून घरी नेण्यासारख्या चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली, घरच्या वृद्धाला अशा तपासणीला नेताना शाळा किती झाली, कोणत्या भाषेत झाली, घरी कोणती भाषा बोलतात, हे आपण होऊन सांगा. तपासणाऱ्याने विचारले नाही तरी सांगा. चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर न्या.

दुसरी, वृद्धाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा. शेजारच्या पदवीधराशी करू नका. गेल्या वर्षीची आई आणि या वर्षीची आई यांत काय फरक पडला, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगू शकता. ते कोणत्याही कागदावर छापलेले नसते.

तिसरी, कमी गुण म्हणजे निकाल नव्हे, पुढच्या तपासणीचे निमंत्रण आहे. रक्तातील ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, मनाची उदासी, बहिरेपणा, काही औषधे यांनीही विसरभोळेपणा येतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. तसेच चांगले गुण म्हणजे अभयपत्र नव्हे. माणूस बदलला असे घरच्यांना वाटत असेल तर गुण कितीही येवोत, पुन्हा दाखवा. 'म्हातारपणी असे चालायचेच' असे म्हणून सोडून देऊ नका.

चौथी, रक्तदाब तपासत जा. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने 86 खेड्यांत केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूच्या कारणांत लकवा, म्हणजे पक्षाघात, पहिला निघाला. दर सात मृत्यूंत एक. हाच लकवा ज्यांना जिवंत सोडतो त्यांतल्या अनेकांची स्मृती घेऊन जातो. रक्तदाबाला अक्षरओळख लागत नाही आणि त्याच्या तपासणीलाही लागत नाही.

पाचवी, निदान झालेच तरी त्या माणसाच्या हातचे सगळे काम एकदम काढून घेऊ नका. किल्ल्या काढण्यापूर्वी विचारा. वृद्धांसाठी 14567 हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे, तेथेही सल्ला मिळतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. आज घरी जाऊन नानीजवळ, दादीजवळ, आजोबांजवळ बसा. त्यांची परीक्षा घेऊ नका. त्यांना हिशेब कसा लक्षात राहतो ते विचारा, किती भाषा येतात ते मोजा, कोणत्या सालच्या पुरात गाव वाहून गेले ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. त्यांना अक्षर मिळाले नाही, तुम्हाला मिळाले आहे. ते त्यांच्या कामी आणा. आणि कधी तुम्हाला परीक्षेत कमी गुण पडले तर आपण मंद आहोत असे समजू नका. कोठे गेले ते माझ्याकडे येऊन विचारा. मीही यापुढे शेरा लिहिण्यापूर्वी तो पेपर दोनदा वाचीन, हे वचन या व्यासपीठावरून देतो.



जय हिंद! जय महाराष्ट्र!